पहिले घर आणि एक स्वाक्षरी

गृहकर्ज घेताना आपण अनेक कागदांवर स्वाक्षऱ्या करतो. सवलत हवी असेल, तर त्यांत आणखी एका घोषणेची भर पडते : अन्य निवासी घर आपल्या मालकीचे नाही. ही घोषणा बहुधा न वाचताच पूर्ण केली जाते.

रायपूरच्या मराठी कुटुंबांनी तर ती दोनदा वाचावी. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. विदर्भातून आलेली अनेक कुटुंबे येथे स्थिरावली. गावाकडच्या घरातील वाटा मात्र कायम राहिला. अशा कुटुंबाला रायपुरातील सदनिका 'पहिलेच घर' वाटते. कायद्याच्या दृष्टीने ते तसे असेलच असे नाही.

आयकर कायदा, १९६१ च्या कलम ८०ईईए अन्वये १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत अतिरिक्त वजावट देण्यात आली. घराचे मुद्रांक मूल्य ४५ लाखांपर्यंत असावे आणि कर्जमंजुरीच्या दिवशी करदात्याच्या मालकीचे निवासी घर नसावे, या तिच्या अटी. २०२४ च्या प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ची अट अधिक व्यापक आहे : पती, पत्नी व अविवाहित मुले यांपैकी कोणाच्याही नावे देशात कोठेही पक्के घर नसावे. म्हणजे नागपुरातील घर केवळ पत्नीच्या नावे असेल, तर पती वजावटीस पात्र ठरू शकतो, अनुदानास नाही. उलट, वडिलांच्या स्वकष्टार्जित घरामुळे नोकरदार मुलाने हक्काची वजावट सोडण्याचे कारण नाही. वडिलोपार्जित घरात वाटा असल्यास मात्र कागदपत्रे करसल्लागारास दाखवूनच निर्णय घ्यावा.

'कोण पाहणार आहे?' असे म्हणणारे हितचिंतक सर्वत्र भेटतात. आयकर विभागाने १४ जुलै २०२५ रोजी बनावट वजावटींविरुद्ध देशभर मोहीम उघडली; गैरवापर झालेल्या कलमांत गृहकर्जाचे कलम ८०ईईही होते. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतल्याचे विभागाने जाहीर केले.

हिशेबही पाहावा. २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे दीड लाखाच्या खोट्या वजावटीतून उपकरासह ३१,२०० रुपये वाचतात. चुकीची माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास कलम २७०ए अन्वये कराच्या २०० टक्के, म्हणजे ६२,४०० रुपये दंड. मूळ कर व व्याज वेगळे.

परंतु प्रश्न केवळ दंडाचा नाही. भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या छपराखाली जाऊ पाहणाऱ्यांसाठी राखलेल्या निधीतून, डोक्यावर छप्पर असलेल्याने वाटा उचलणे अन्यायाचेच आहे. त्यामुळे 'लिहून टाका' असा सल्ला बँकेच्या कर्मचाऱ्यानेही कधी देऊ नये.

पूर्वी चुकीचा दावा झाला असेल, तर ठरावीक मुदतीत अतिरिक्त कर भरून अद्ययावत विवरणपत्र दाखल करता येते. नोटीस येण्याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि सन्मानाचाही.