लहान माशांच्या टाकीसाठी फिल्टरची निवड

डासांच्या अळ्या खाणारा गप्पी मासा आता खेड्यापाड्यांत परिचयाचा झाला आहे. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी तो साठलेल्या पाण्यात सोडला जातो. याच माशाचे रंगीत प्रकार, तसेच मोली, प्लॅटी व झेब्रा हे लहान मासे शहरांतील हौशी लोक विकत घेतात. इ. स. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश करण्यात आला. मात्र हा जोडधंदा नव्याने करणाऱ्या अनेकांचे मासे पहिल्या महिन्यातच दगावतात आणि त्या वेळी पाणी तर स्वच्छ दिसत असते. असे का होते, हे समजल्यावाचून फिल्टरची योग्य निवड होणे कठीण आहे.

फिल्टरचे खरे कार्य

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात; विष्ठा व उरलेले खाद्य कुजूनही तो तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, परंतु अल्प प्रमाणातही माशांना घातक ठरतो. शेतात शेणखत घातले असता जमिनीतील जीवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात आणि पीक ते शोषून घेते. टाकीतही हीच क्रिया घडते. नायट्राइटही विषारी असते. नायट्रेट त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी होय. या जीवाणूंना चिकटून राहावयास भरपूर पृष्ठभाग व प्राणवायू लागतो. तो पुरविणे हेच फिल्टरचे मुख्य कार्य. गाळ अडविणे हे दुय्यम होय.

कोणता फिल्टर निवडावा?

काठावर टांगावयाचा व टाकीबाहेर ठेवावयाचा डब्याचा फिल्टर पाणी जोराने ओढतो. त्यात पिल्ले खेचली जातात व लहान मासे प्रवाहाशी झगडून थकतात. खडीखाली बसवावयाच्या फिल्टरमध्ये कालांतराने खडीत गाळ साचतो व सर्व टाकी उपसावी लागते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर मात्र पाणी सावकाश ओढतो, पिल्लांना इजा करीत नाही, पाण्यात प्राणवायू मिसळतो व स्वस्तही पडतो. एका मोठ्या पंपावर अनेक टाक्या चालविता येतात. म्हणून लहान माशांच्या पैदाशीसाठी हाच फिल्टर निवडावा.

६० सें. मी. लांब, ३० सें. मी. रुंद व ३० सें. मी. उंच टाकीत सुमारे ५० लिटर पाणी राहते. फिल्टरमधून ताशी याच्या चार ते पाच पट, म्हणजे २०० ते २५० लिटर पाणी फिरावे, असा सर्वसाधारण अंदाज धरावा.

मासे सोडण्यापूर्वी

जीवाणूंची पुरेशी वाढ होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून प्रथम चार-पाच मासेच सोडावेत व नंतर हळूहळू संख्या वाढवावी. निरोगी माशांच्या जुन्या टाकीतील स्पंज नव्या टाकीत ठेवल्यास तो विरजणासारखा उपयोगी पडतो व हा काळ कमी होतो.

घ्यावयाची काळजी

(१) स्पंज नळाखाली धुऊ नये. क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो हलकेच पिळावा. उन्हात वाळवू नये.

(२) दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. क्लोरीन घातलेले पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरावे.

(३) दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे.

(४) वीज गेल्यास पाणी उलट फिरून पंपात जाऊ नये, म्हणून पंप टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवावा. वीज वारंवार जात असल्यास बॅटरीवर चालणारा पंप जवळ बाळगावा.

(५) विहिरीच्या पाण्याचा सामू ८ पेक्षा अधिक असल्यास अमोनिया अधिक घातक ठरतो. अशा ठिकाणी मासे विरळच ठेवावेत.

मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यास खाद्य ताबडतोब बंद करावे व तिसरा हिस्सा पाणी बदलावे. ग्रामसेवकांनी नव्या मत्स्यपालकास मासे विकत घेण्यापूर्वीच या गोष्टी समजावून द्याव्यात. पेरणीपूर्वी जमीन तयार करणाऱ्या शेतकऱ्यास माशांपूर्वी पाणी तयार करण्याचे महत्त्व सहज पटेल.