इंग्रजीत पाणी मागताना

मराठीत 'पाणी दे', 'पाणी द्या', 'जरा पाणी देता का?' असं म्हणताना आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत 'गिव्ह' एकच. म्हणून मराठी शाळेत शिकलेली आपली माणसं घरच्या फिलिपिनो किंवा नेपाळी मेटापेलेतला 'गिव्ह वॉटर' म्हणतात. मनात माया असते, पण तिला तो हुकूम वाटतो. 'आय वॉन्ट'चंही तेच.

आशदोदच्या मैत्रिणींकडून मी एकच सुरुवात घोकून घेते: 'कुड यू'. 'कुड यू गिव्ह मी सम वॉटर, प्लीज?' हा 'कुड' भूतकाळातला नव्हे, नुसता मऊपणा आहे. हिब्रू तोकडं पडलं की डॉक्टरांशीही इंग्रजीच बोलतो आपण. तिथे 'कुड यू राइट इट डाउन, प्लीज?' म्हणावं. गोळी किती वेळा घ्यायची हे कागदावर असलेलं बरं. 'वुड यू माइंड'च्या मात्र वाटेला जाऊ नका. त्यावर समोरचा 'नो' म्हणाला की तो होकार असतो, आणि आपली मंडळी रुसून बसतात!

रात्री तिला कशाला उठवा, म्हणून काहीजण एकटेच संडासाला निघतात. अंधारात पडतात, खुब्याचं हाड मोडतं. 'सॉरी, कुड यू हेल्प मी टु द टॉयलेट?' असं बिनदिक्कत म्हणा. त्यासाठीच ती आहे.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर 'कुड' नको नि 'प्लीज' नको. मोठ्याने हाक मारा: 'कॉल 101! नाऊ!'