पुला : भांगेच्या तंतूंचे पादत्राण

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यात भर हिवाळ्यात तुम्हाला देवळात जायचे आहे, असे समजा. आवारात बर्फ आहे. चामड्याची वस्तू आत चालत नाही, म्हणून बूट बाहेर काढावे लागतात. आणि अनवाणी फार वेळ उभे राहणे शक्य नाही. या अडचणीवर तिथल्या लोकांनी फार पूर्वीच उत्तर शोधले. ते म्हणजे ‘पुला’. याचा तळ भांगेच्या खोडातून काढलेल्या तंतूंचा असतो आणि वरचा भाग तंतूंच्या दोऱ्याचा, बकरीच्या केसांचा किंवा लोकरीचा असतो. देवळाइतकाच तो घरात, स्वयंपाकघरातही वापरला जातो.

गवताची पादत्राणे आपल्या देशाला नवी नाहीत. पाली विनयपिटकातील महावग्गात तृण, मुंज, बल्बज अशा गवतांच्या पादुकांची यादीच आहे. भिक्षू त्या करण्यात रमून अध्ययन विसरू लागले, म्हणून बुद्धाने त्यांना मनाई केली, असे तिथे सांगितले आहे. (हस्तकलेत मन किती गुंतते, याचा हा जुना पुरावाच म्हणायचा!)

आता पुला कसा तयार होतो ते पाहू. भांगेच्या खोडाच्या सालीत लांब, चिवट तंतू असतात. वनस्पतिशास्त्रात त्यांना बास्ट तंतू म्हणतात. ताग आणि अंबाडीचे तंतूही याच प्रकारचे. शरद ऋतूत झाडे कापून खोडे वाळवतात आणि साल हाताने सोलून काढतात. पुढचे काम हिवाळ्यातले. शेते बर्फाखाली गेली की घरात बसून तंतूंना पीळ देतात, त्यांच्या वेण्या घालतात आणि त्या एकमेकींना शिवून तळ तयार करतात. वेण्या जितक्या घट्ट, तितका तळ टिकाऊ. वरच्या भागात रंगीत लोकरीची नक्षी भरतात. ग्राहकाचे लक्ष नक्षीकडे जाते, पण कारागिराचे खरे कसब तळात असते. तुम्ही कधी विकत घेतलात, तर आधी उलटा करून पाहा.

हा तळ ऊब देतो, कारण वेण्यांच्या फटींत हवा अडकून राहते आणि हवा उष्णतेची मंद वाहक आहे. त्याचा खडबडीतपणा बर्फावर पकड देतो. तंतू मुख्यतः सेल्युलोजचे असल्याने ओले झाले तरी त्यांची ताकद कमी होत नाही. मात्र ते पाणी शोषतात आणि दगडांवर झिजतात; त्यामुळे रोजच्या वाटचालीत रबरी बूट पुढे गेले, यात नवल नाही.

इथे काश्मीरशी तुलना करून पाहा. तिथे भाताच्या पेंढ्याचे ‘पुलहोर’ नावाचे पादत्राण सर्रास वापरात होते. पेंढा आजही मुबलक आहे, तरी पुलहोर रोजच्या वापरातून जवळजवळ नाहीसे झाले. कुलूत उलटे घडले. चामडे न चालणारी जागा शिल्लक राहिली, म्हणून पुल्याची गरजही उरली. ही गरज दुसरीकडेही दिसते : जानेवारी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी काशी विश्वनाथ धामात काम करणाऱ्यांसाठी तागाच्या पादत्राणांचे १०० जोड पाठवले होते, तेही आवारात चामडे आणि रबर चालत नाही म्हणूनच.

मग कुलूतील कारागिराची अडचण काय? कच्चा माल. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने (एनडीपीएस) भांगेच्या झाडाची लागवड परवान्याशिवाय गुन्हा ठरवली. लक्षात घ्या, या कायद्यातील ‘कॅनाबिस’च्या व्याख्येत चरस आणि गांजा येतात, खोडाचा तंतू येत नाही. कलम १४ नुसार तंतू किंवा बी मिळवण्यासाठी लागवडीला सरकार परवानगीही देऊ शकते. पण झाड एकच आहे. शेंड्याच्या फुलोऱ्यापासून चरस निघतो आणि खाली खोडात पुल्याचा तंतू असतो. चरसचा धंदा मोडण्यासाठी झाडे उपटली जातात, तेव्हा दोन्ही जातात. या कारवाईला कारण नाही असे म्हणता येणार नाही. चरसमुळे या खोऱ्यातील तरुणांचे झालेले नुकसान खरे आहे. तरीही तळासाठी खोड सोलणारा आणि चरस विकणारा यांना एकाच तागडीत तोलणे योग्य वाटत नाही.

शेजारच्या उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीचे परवाने द्यायला सुरुवात केली. हिमाचलच्या विधानसभेनेही २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक वापरासाठी नियंत्रित लागवडीचा ठराव संमत केला. या वाटेने कापड आणि औषधांच्या कारखान्यांना माल मिळू शकेल. पुला बनवणाऱ्या घराला मात्र एकरभर पीक नको असते. बांधावरची थोडी खोडे पुरतात. एवढ्याशा गरजेसाठी परवान्याचा अर्ज, तपासणी आणि शुल्क त्याला झेपेल का, हे नियम लिहिणाऱ्यांना ठरवावे लागेल.