आरेच्या मातीतील कोळी

गोंदिया शहराजवळील नागरा हे गाव तेथील प्राचीन शिवमंदिरामुळे परिचित आहे. या भागातील धानाच्या बांधीत रोवणीनंतर चपळाईने धावणारा राखाडी-तपकिरी कोळी शेतकऱ्यांना नवा नाही. जाळे न विणता भक्ष्यावर झडप घालणारा हा लांडगा-कोळी तुडतुड्यांचा फडशा पाडतो. त्याची मादी अंड्यांची पिशवी देहाच्या मागील टोकास चिकटवून हिंडते आणि पिल्ले बाहेर आली की त्यांना काही दिवस पाठीवर वाहते. धानाच्या शेतांत राहणारी या कुळातील एक जाती भारतापासून जपानपर्यंत पसरलेली आहे.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र असा एक भूचर कोळी आहे, की ज्याची ओळखच मुंबईतील आरे दुग्ध वसाहतीशी निगडित आहे. हेटेरोफ्रिक्टस आरेयेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. झीशान मिर्झा व राजेश सानप या संशोधकांनी २०१४ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि वसाहतीचेच नाव त्यास दिले. टॅरंट्युला कुळातील ज्या उपकुलात तो मोडतो, त्याचे अनेक सदस्य आफ्रिका व मादागास्कर येथे आढळतात. भारताचा भूखंड एकेकाळी त्या भूमीशी जोडलेला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरच्या नात्याचे नवल वाटत नाही.

एक कोळी अर्धे आशिया खंड व्यापतो आणि दुसरा एका टेकडीपुरता उरतो, असे का व्हावे? याचे एक महत्त्वाचे कारण पिल्लांच्या प्रवासात आहे. लांडगा-कोळ्याचे पिल्लू गवताच्या टोकावर चढते, पोट उंचावते आणि रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडते. वारा त्यास उचलून नेतो. १८३२ साली किनाऱ्यापासून ६० मैल दूर असलेल्या 'बीगल' जहाजाच्या दोरखंडांवर अशा तऱ्हेने आलेले असंख्य चिमुकले कोळी चार्ल्स डार्विन यांनी पाहिले होते. टॅरंट्युलाची पिल्ले सहसा असा प्रवास करीत नाहीत. ती पायी चालत जातात आणि मातेच्या बिळापासून थोड्याच अंतरावर आपले बीळ करतात. नदी, खडकाळ पठार किंवा डांबरी रस्ता त्यांना सीमेसारखा ठरतो. मादी तर अनेक वर्षे एकाच बिळात काढते. वयात आलेला नर तेवढा जोडीदाराच्या शोधात बाहेर पडतो.

म्हणूनच अशा जातीला जमिनीतील बदल झाडांवरील पक्ष्यांपेक्षा अधिक जाचतात. पक्षी उडून जातो, पण उतारावरील माती उकरली किंवा दगड हलविले, तर बिळातील कोळ्यास जाण्यास जागा नसते. झाडे लावून वन पुन्हा उभे करता येईल, पण नव्या लागवडीत हा कोळी आपण होऊन येईल अशी अपेक्षा करता येत नाही.

आरेची वसाहत १९४९ साली गुरांच्या गोठ्यांसाठी वसविण्यात आली. गवताळ उतार व झाडी यांमुळे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानास लागून असलेला हा भाग अनेक जीवांचा आश्रय बनला. २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी येथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली, तेव्हा झालेली चर्चा प्रामुख्याने वृक्ष व बिबटे यांच्याभोवती फिरली. पायाखालच्या कोळ्याचा उल्लेख क्वचितच झाला. २०२१ साली राज्य शासनाने आरेतील २८६.७३२ हेक्टर क्षेत्र राखीव वन म्हणून अधिसूचित केले.