एका नावावर आलेला पैसा

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. दहा जिल्ह्यांतून जातो. त्यासाठी सरकारने सक्तीच्या संपादनापेक्षा थेट खरेदीवर भर दिला. रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत दर मिळाला, आणि खरेदीखत नोंदवलं की पैसे थेट खात्यावर. पीककर्जापुरती बँकेची पायरी चढणाऱ्या कोरडवाहू घरांच्या पासबुकात एकाएकी आठ आकडी रक्कम उमटली. रस्ता किती वेळात पार होतो याच्या बातम्या आपण आवडीने वाचल्या. त्या घरांचं पुढे काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

पुण्याच्या पश्चिमेला हे आधीच घडून गेलं होतं. हिंजवडीला आयटी पार्क आलं, आजूबाजूच्या गावांत जमिनीला सोन्याचा भाव आला. एकराच्या हिशेबात वाढलेला शेतकरी गुंठ्यावर आला. एकरात गुंठे ४०, एक गुंठा १०८९ चौरस फूट. विकून हाती पैसा आलेल्या पोरांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणू लागले. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ने २०१८ मध्ये त्याची काळी बाजू पडद्यावर आणली: जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारीत ओढला गेलेला मुलगा. गळ्यातल्या जाड साखळीला आणि पांढऱ्या गाडीला शहर अजून हसतं. मला ते हसणं क्रूर वाटतं. ज्याला तलाठ्याच्या दारात तास न् तास ताटकळावं लागलं, सोसायटीच्या सचिवापुढे हात जोडावे लागले, तो हाती पैसा आल्यावर आधी मानच विकत घेणार.

तरी हिशेब हा हिशेबच असतो. समजा, एक कोटी आले. सहा टक्के व्याजाने ते नुसते ठेवले, तर महिन्याला ५० हजार सुटतात. पण ४५ लाखांचा बंगला, १८ लाखांची गाडी, मुलीच्या लग्नाला १५ लाख आणि जुनं देणं ६ लाख धरलं, तर उरले १६ लाख. त्याचं महिन्याचं व्याज आठ हजार. बंगल्याचं वीजबिल, गाडीचा विमा, डिझेल त्यातूनच. आधी त्याच जमिनीतून ज्वारी, तूर, गुरांचा कडबा, घरचं दूध येत होतं. त्याची किंमत कुणी मांडलीच नव्हती, म्हणून ते गेल्याचंही चटकन लक्षात येत नाही. उरलेल्या १६ लाखांवरही डोळे असतातच. प्लॉटिंगवाला येतो, भिशीवाला येतो, वर्षात दुप्पट करून देणारा येतो. कालपर्यंत ओळख न दाखवणारे सोयरे येतात. घर बुडतं ते नुसत्या त्या घराच्या हावेने नव्हे. भोवतालच्या सगळ्यांची हाव त्या एका पासबुकावर येऊन बसते.

पण उधळपट्टी हा वरवरचा रोग आहे. घर फुटतं ते वाटणीत. जमीन साऱ्यांनी कसलेली असते, सातबाऱ्यावर मात्र बऱ्याचदा थोरल्याचंच नाव. वारस नोंद राहिलेली, वाटणीपत्र तोंडी, बांध आजोबांनी दाखवलेला. गरिबीत यावाचून कुणाचं अडत नव्हतं, कारण भांडावं असं त्यात काही नव्हतंच. भूसंपादनाची नोटीस आली की त्या ढिलाईची किंमत लाखांत होते.

सगळ्यात आधी बहीण आठवते. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. त्यात आधी लग्न झालेल्या राहिल्या, त्यांना २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने घेतलं. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. कागदावर एवढं पक्कं. आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात काय दिसतं? बाकड्यावर माहेरच्या गाडीतून आणलेली बहीण. हक्कसोडपत्र वकिलाने आधीच टाइप केलेलं. ती पदर सावरून कॅमेऱ्यासमोर बसते, अंगठा यंत्रावर टेकवते. “ताई, तुझं माहेर कुठं जातंय का?” एवढ्या एका वाक्यावर तिचा लाखोंचा हिस्सा सुटतो. बदल्यात साडी-चोळी. जिने सही नाकारली तिच्या नावाने भावाचं दार बंद होतं. अशा घरांत पुढच्या दिवाळीला भाऊबीज होत नाही.

भावाभावांचं कोर्टात जातं. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात तशी तरतूदच आहे: मोबदल्याच्या हिश्शावरून वाद असेल तर प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे. मग पैसा तिथे अडकतो, आणि वकिलाची फी उसनवारीतून जाते.

असं व्हायलाच हवं का? २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत बाधित कुटुंबाला नोकरी किंवा एकरकमी पाच लाखांऐवजी वीस वर्षं दरमहा किमान दोन हजारांचं वर्षासन घेण्याचा पर्याय आहे. रक्कम किरकोळ, पण विचार बरोबर. हडपसरजवळ मगरपट्ट्यात तो विचार मोठ्या प्रमाणावर उतरला. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याला समभाग दिले. जमीन गेली, पण मालकी राहिली. अर्थात त्यांच्याजवळ शहर होतं, वेळ होता, शिकलेला पुढारी होता. महामार्गाच्या पट्ट्यातल्या तीन एकरवाल्याकडे यातलं काहीच नसतं. म्हणूनच मोबदला देतानाच सगळ्या हिस्सेदारांची, बायकांसह, वेगवेगळी खाती उघडून रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायला हवी. हे काम सरकारचं आहे. उंबऱ्यातल्या भांडणावर ते सोडता येणार नाही.

कारण शेवटी प्रकरण सरकारच्याच दारात येतं. बऱ्याच तालुक्यांत भूसंपादनाचं काम प्रांताधिकाऱ्याकडे असतं. आणि आईवडिलांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्याखालचं न्यायाधिकरणही तोच. मोबदला मुलांच्या हाती देऊन बसलेले म्हातारा-म्हातारी पोटगीचा अर्ज घेऊन त्याच कचेरीत येतात. कायद्याने त्यांना मिळू शकणारी सर्वांत मोठी रक्कम आहे महिन्याला दहा हजार रुपये.