काजळी फासलेला नट

तोंडाला काळं फासणं ही आपल्याकडे बेअब्रूची गोष्ट. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत लोकांना हसवण्याचा तो धंदाच होता. गोरे नट बाटलीचं बूच जाळायचे, त्याची काजळी तोंडाला फासायचे आणि काळ्या माणसाचं सोंग आणायचे. सोंगातला काळा माणूस नेहमी आळशी, भित्रा, नाहीतर कोंबडीचोर. प्रेक्षक पोट धरून हसत.

हे काळे लोक कोण? त्यांच्या वाडवडिलांना आफ्रिकेतून धरून आणून अमेरिकेत गुलाम म्हणून विकलं होतं. 1865 साली गुलामगिरी कायद्याने गेली. टिंगल मात्र गेली नाही. पुढे मूकपट निघाले. मूकपट म्हणजे आवाज नसलेला सिनेमा. त्यातही हीच सोंगं आली.

बर्ट विल्यम्स हा खरोखरीचा काळा नट. 1874 साली बहामा बेटांवर जन्मला. रंगाने तसा उजळच. पण प्रेक्षकांना सवय काजळीची. मग यानेही काजळी फासली! काळ्या माणसानेच काळ्याचं सोंग घ्यायचं. विचित्रच म्हणायचं. 1910 पासून तो न्यूयॉर्कच्या एका बड्या गोऱ्या नाटक कंपनीत काम करू लागला. रात्री टाळ्या मिळत. पण कित्येक हॉटेलांत त्याला पुढच्या दाराने घेत नसत.

1916 सालचा त्याचा एक मूकपट आहे. त्यात जुगारापायी तो तुरुंगात जातो. कोठडीत एकटाच बसून तो पत्ते पिसतो, वाटतो, हळूच उचलून बघतो. हातात एकही पत्ता नाही बरं का! सगळा खेळ हवेत. आणि त्यातही गडी हरतो. तोंडाला काजळी आहे, पण आपण हसतो ते काजळीला नव्हे.

त्याआधी 1913 साली बायोग्राफ कंपनीने त्याला घेऊन एक मोठा विनोदी चित्रपट करायला घेतला होता. (त्याच साली मुंबईला फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्यात तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषाने केलं. कुणाचं सोंग कुणी घ्यायचं, हा पेच आपल्याकडेही होताच.) गोष्ट साधी. देखणी मुलगी एक, तिच्यामागे लागलेले तिघे. पण बघण्यासारखी आहेत ती भोवतालची माणसं. पुष्कळ काळे नट, आणि काजळी एकट्या विल्यम्सला. बाकीचे आपापल्या चेहऱ्याने वावरतात. ठेवणीतले कपडे घालून जत्रेला जातात, लाकडी घोड्यांच्या चक्रात बसतात, जोडीजोडीने नाचतात. विल्यम्स त्या मुलीचा मुका घेतो. काळं जोडपं असं प्रेमाने वागताना तेव्हा पडद्यावर क्वचितच दिसे. दिसलंच तर थट्टेपुरतं. इथे थट्टा नाही.

हा चित्रपट अपुराच राहिला, कुठेच लागला नाही. विल्यम्स 1922 साली वारला, तेव्हा तो अवघा 47 वर्षांचा होता. चित्रपटाच्या फिती सुमारे 25 वर्षं डब्यांत पडून होत्या. मग त्या न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने घेतल्या, आणि 2014 साली जुळवून लोकांना दाखवल्या. त्यांत काम चालू नसतानाचे तुकडेही आहेत. गोरे दिग्दर्शक आणि काळे नट तिथे एकत्र उभे असलेले दिसतात, पुढच्या प्रवेशाची तयारी करत.