यीस्टला न मानवणारे मसाले

घरच्या पावाच्या पिठात हौसेनं भरपूर दालचिनी घातली, की पीठ फुगायचं नाव घेत नाही. दोष बिचाऱ्या यीस्टला मिळतो. दालचिनीचा वास मुख्यतः सिनामाल्डिहाइडचा, आणि ते बुरशीला मारक असतं. यीस्ट बुरशीच्याच कुळातलं! स्वीडनच्या कानेलबुल्ले या गोड पावात पिठात मळतात ती वेलची. दालचिनी लाटलेल्या पोळीवर लोणी-साखरेबरोबर पसरून गुंडाळी करतात. यीस्टचं काम बिनबोभाट चालतं.

कच्चा लसूण त्याहून खट्याळ. ठेचला की त्यात ॲलिसिन तयार होतं. ते यीस्टला मंद करतंच, शिवाय कच्चा लसूण ग्लूटेनची जाळीही सैल करतो. अख्ख्या पाकळ्या आधी भाजल्या, तर ॲलिसिन घडवणारं विकरच निकामी होतं. भाजक्या लसणाची गोडसर चव मला तरी पावात जास्त आवडते.

आपल्या ओव्यात आणि युरोपातल्या थाइममध्ये थायमॉल हे समान सुगंधी द्रव्य असतं. तेही जंतुनाशक, म्हणून अर्धा किलो मैद्याला चमचाभर ओवा पुरे. वाळलेला ओरेगानो किंवा रोझमेरी कोमट तेलात थोडा वेळ भिजवावी, कारण हे सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. कोथिंबिरीचा वास मात्र भट्टीत उडून जातो. ती लोण्यात कालवून गरम पावावरच फासावी.